बाद हुकूम आणि बदली कामगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मजुरीवर, बोनसवर किंवा फार तर १९८२ च्या मुंबईच्या संपावर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ‘संगणकातील बाद झालेल्या हुकमांचा इतिहास’ असे कळविले, तेव्हा एका चालकांनी पुन्हा फोन करून, विषय नक्की आमचाच ना, अशी खात्री करून घेतली. विषय आमचाच आहे. सातवीनंतर आम्ही वडिलांच्या शेजारी मागावर उभे राहिलो. इंग्रजी शिकलो ते वाचनालयातील वर्तमानपत्रांवर आणि कामगार कायद्याच्या पुस्तकांवर. संगणकशास्त्राच्या कॉलेजची पायरी आम्ही कधी चढलेलो नाही. पण नोटीस कशी वाचावी हे तीस वर्षांच्या चळवळीने शिकविले आहे, आणि आज सांगावयाची हकीकत एका नोटिशीचीच आहे.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला, तो येथे बसलेल्या कोणालाच विसरता येणार नाही. आमच्या संघटनेची कचेरी तळमजल्यावर. वह्या भिजल्या, खुर्च्या तरंगल्या, आणि टेबलाखाली ठेवलेला हाताच्या पंजाएवढा छोटा संगणकही गेला. त्यातले मेमरी कार्ड तेवढे वाचले. त्या कार्डावर दोन प्रोग्रॅम होते. एक बोनसचा. कोणत्या सभासदाने किती माग चालविले, कापड किती पिकाचे, मीटर किती, वर्षाची मजुरी काय झाली आणि तीवर दिवाळीला काय बसते, हे तो सांगे. दिवाणजीची चिठ्ठी आणि आमचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ वेळा फरक निघे. आणि हा फरक काढून देणे हेच सभासदांच्या दृष्टीने संघटनेचे सर्वांत मोठे कार्य होते. दुसरा प्रोग्रॅम वर्गणीच्या पावत्या छापण्याचा. तो पहिल्याहून कितीतरी जुना, आणखी एका जुन्या यंत्रावरून उचलून आणलेला.

सप्टेंबरात उसनवारी करून नवा संगणक घेतला. दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. एका सभासदाच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलाने दोन्ही प्रोग्रॅम जसेच्या तसे नव्या यंत्रावर ठेवले. पावतीचा प्रोग्रॅम उघडलाच नाही. पडद्यावर दोन इंग्रजी शब्द उमटले, त्यांचा सरळ अर्थ ‘बेकायदा हुकूम’. आता ‘बेकायदा’ हा शब्द आमच्या घरचाच म्हणावा लागेल. बेकायदा संप पाहिले, बेकायदा जमाव म्हणून आम्हीही एकदा पोलीस ठाण्यात रात्र काढली. पण हुकूमच बेकायदा ठरलेला प्रथमच पाहिला. बोनसचा प्रोग्रॅम चालला, परंतु चालता चालता यंत्राच्या रोजनिशीत ओळींमागून ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत प्रोग्रॅमचे नाव, त्याचा चालू क्रमांक, स्मृतीतला पत्ता, आणि हा प्रोग्रॅम निवृत्तीस काढलेला ‘सीपी १५ बॅरिअर’ नावाचा हुकूम वापरीत आहे, असा शेरा.

एक प्रोग्रॅम दारातच अडविला, दुसऱ्याला काम करू दिले पण त्याचे नाव लिहून घेतले. हा भेद का, याचा शोध घेता घेता आम्ही मागे मागे गेलो ते थेट मागापर्यंत येऊन पोचलो.

यंत्राला हुकूम देण्याची विद्या विणकराची आहे, हे आपल्या गावात तरी ठणकावून सांगितले पाहिजे. फ्रान्समधील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने ताण्याचे धागे उचलणारे यंत्र सिद्ध केले. जेथे भोक तेथे धागा उचलायचा, जेथे भोक नाही तेथे खाली ठेवायचा. एक पुठ्ठा म्हणजे एका पिकाचा हुकूम. आपण ज्याला जेकार्ड म्हणतो ते हेच. १८३९ साली याच रीतीने जाकारचे एक चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज याने मिळविली; आपल्या नियोजित गणकयंत्राला हुकूम देण्यासाठी तशाच पुठ्ठ्यांची योजना त्याने केली होती. १८९० च्या अमेरिकेतील शिरगणतीत हर्मन हॉलेरिथ याने भोकांची कार्डे मोजणारी यंत्रे वापरली. त्याच्या धंद्यातून पुढे आयबीएम ही कंपनी उभी राहिली. म्हणजे मागावरचा पुठ्ठा हिशोबाच्या मेजावर जाऊन बसला.

जाकारच्या यंत्राला लिआँच्या विणकरांनी विरोध केला, आणि १८३१ मध्ये त्याच शहरातले विणकर मजुरीच्या दरासाठी रस्त्यावर उतरले, हेही सांगून ठेवतो. पुस्तकांत पहिली गोष्ट रंगवून सांगतात आणि दुसरी तळटीपेत टाकतात.

आपल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला. जाकारच्या पुठ्ठ्यानंतर शंभर वर्षांनी. पुढे साध्या मागावर डॉबी आली, लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकून नक्षी बसविण्याची. ज्यांनी डॉबी बांधली आहे त्यांना ठाऊक आहे की, एका मापाच्या डॉबीची पट्टी दुसऱ्या मापावर चढत नाही. नक्षी तीच, विणकर तोच, सूत तेच. पण हुकूम लिहिण्याची लिपी बदलली की जुनी पट्टी जळणाच्या लाकडात जमा. १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले, तेव्हापासून पुठ्ठ्यांचीही हळूहळू तीच गत झाली. आणि परदेशात बाद ठरलेले बिनधोट्याचे माग आपल्याकडे ‘नवे’ म्हणून पेट्यांतून उतरले, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बाद हा शब्द कोण उच्चारतो आणि कोठे उभा राहून उच्चारतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

संगणकाचे तसेच आहे. त्याच्या मेंदूला प्रोसेसर म्हणतात. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला ठराविक हुकूम कळतात. बेरीज कर, हे तेथे ठेव, ते येथे आण, असे. आमच्या छोट्या संगणकात एआरएम जातीचा प्रोसेसर होता. ही जात इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली जन्मली आणि आज बहुतेक प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. पाचवी, सहावी, सातवी, आणि २०११ साली जाहीर झालेली आठवी, जी ६४ बिटांची आहे. मात्र जुने ३२ बिटांचे काम चालविण्याची सोयही तिच्यात ठेवलेली होती. आमचा पावतीचा प्रोग्रॅम पाचव्या किंवा त्याहून जुन्या आवृत्तीसाठी बांधलेला, बोनसचा सहाव्या आवृत्तीसाठी, आणि नवे यंत्र आठव्या आवृत्तीचे.

पावतीच्या प्रोग्रॅममध्ये जो हुकूम होता त्याचे नाव एसडब्ल्यूपी, म्हणजे अदलाबदल. हातातला आकडा स्मृतीत ठेवायचा आणि तेथला आकडा हातात घ्यायचा, एका दमात. मध्ये कोणी शिरता कामा नये. कुलूप लावण्यासाठी हा फार उपयोगी. ‘मी आत आहे’ अशी पाटी लावता लावताच आधीची पाटी काय होती ते कळते. १९८९ च्या एआरएम ३ पासून हा हुकूम होता. त्या काळी यंत्रात एकच मेंदू, तेव्हा अडचण नव्हती. पुढे दोन, चार, आठ मेंदू आले. आता एकाने अदलाबदल करावयाची तर तेवढ्या वेळापुरता स्मृतीकडे जाणारा सगळा रस्ता अडवावा लागे. जुन्या गिरण्यांत एकाच शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळे माग फिरत, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. एका मागाची कांडी बदलण्यासाठी कोणी सबंध शाफ्ट थांबविला तर काय होईल, तसे हे होते. म्हणून सहाव्या आवृत्तीत निराळी जोडी आली. आकडा उचलताना खूण करायची, ठेवताना खूण शाबूत आहे का पाहायची; मध्ये कोणी हात लावला असेल तर पुन्हा प्रथमपासून. रस्ता कोणाचा अडत नाही. तेव्हापासून एसडब्ल्यूपीला निवृत्तीची नोटीस लागली आणि आठव्या आवृत्तीत त्याचे नाव हजेरीपटावरून काढले. शंभर कामगारांच्या खात्यात एकाने दार अडवून बसू नये, हे आम्हीही मान्य करतो. या निवृत्तीत अन्याय नव्हता.

बोनसच्या प्रोग्रॅममधील हुकूम निराळा. आजचे प्रोसेसर वेग साधण्यासाठी कामे मागेपुढे करतात. तेव्हा कोठे कोठे बजावून सांगावे लागते की, याआधीच्या साऱ्या नोंदी पुऱ्या झालेल्या दिसल्याशिवाय पुढच्याला हात लावावयाचा नाही. याला बॅरिअर, म्हणजे आडकाठी म्हणतात. सायझिंगचा बीम पुरता भरून वहिफणी झाल्याशिवाय माग सुरू करू नये, तसे. सहाव्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र हुकूमच नव्हता. पंधराव्या क्रमांकाच्या सहायक खात्याच्या नावे चिठ्ठी टाकून ही गोष्ट आडून सांगावी लागे. सातव्या आवृत्तीत तिला स्वतःचे सरळ हुकूम मिळाले. जुन्या चिठ्ठीवर शेरा बसला: अजून चालेल, परंतु पुढे चालेल असे धरू नका.

आता मध्यस्थ. प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्या मध्ये लिनक्ससारख्या प्रणालीचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. पलटणीतला कर्नल नव्हे. दाण्याच्या आतला गर या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. आमच्या भाषेत तो खात्याचा जॉबर. कोणाला कोणता माग द्यायचा, कोणाला थांबवायचे, हे तो पाहतो. प्रोग्रॅमने यंत्राला न कळणारा हुकूम दिला की यंत्र थांबते आणि जॉबरला हाक मारते. आता जॉबरने काय करावे?

फेब्रुवारी २०१५ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ३.१९ या आवृत्तीत एआरएमच्या ६४ बिटी यंत्रांसाठी याचे उत्तर व्यवस्थित बांधून दिले आहे. प्रत्येक जुन्या हुकमासाठी एक फाईल, आणि तीत एक आकडा: शून्य, एक किंवा दोन. शून्य म्हणजे हुकूम ओळखायचा नाही. प्रोग्रॅम जागच्या जागी बंद. एक म्हणजे जॉबरने स्वतः पुढे होऊन, नव्या हुकमांनी जुन्याचे काम करून द्यायचे आणि प्रोग्रॅमला पुढच्या ओळीवर सोडायचे. मात्र रोजनिशीत त्याची नोंद करायची. दोन म्हणजे यंत्रात अजून जुनी कळ शिल्लक असेल तर ती उघडून द्यायची. काम जलद होते, पण नोंद होत नाही. एसडब्ल्यूपीसारख्या काढून टाकलेल्या हुकमाला आरंभीचा आकडा शून्य, आणि आडकाठीसारख्या निवृत्तीच्या यादीतल्या हुकमाला एक. आमचा एक प्रोग्रॅम दारात अडला आणि दुसरा नाव लिहून आत घेतला गेला, त्याचा उलगडा एवढाच.

आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार आठवला. कायम कामगार गैरहजर, म्हणून दारात कार्ड घेऊन उभा असलेला बदली आत घ्यायचा. काम तेच, माग तोच, कापडावर कोणाचे नाव नाही. आकडा एक म्हणजे बदली. शून्य म्हणजे टाळेबंदी. आणि दोन म्हणजे हजेरीपटाबाहेरचा माणूस कामावर ठेवणे. उत्पादन भरपूर, पण तपासनीस आला तर खात्यात कोणीच नाही!

ही बदलीची युक्ती काही २०१५ ची नव्हे. १९५९ साली आयबीएमने १४०१ नावाचे गणकयंत्र काढले. दहा हजारांहून अधिक यंत्रे खपली. मुंबईत एसो या तेल कंपनीकडे १९६१ साली ते आले. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही अगदी निराळ्या हुकमांची नवी माळ जाहीर केली. गिऱ्हाईक म्हणाले, आमचे पगारपत्रकांचे, विम्याचे, गोदामाचे इतके प्रोग्रॅम १४०१ साठी लिहिलेले आहेत, त्यांचे काय? तेव्हा नव्या यंत्राच्या पोटात १४०१ चे सोंग घेण्याची सोय घालून दिली. ‘एम्युलेटर’ हा शब्द या अर्थाने त्याच काळात रूढ झाला. नवे यंत्र जुन्याचा वेष घेऊन जुनी पत्रके छापीत राहिले, पुढे कित्येक वर्षे.

पुण्याची हकीकत उलट. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याचे मेंदू इंग्लंडातले, ट्रान्सप्युटर जातीचे. ती जात पुढे मागे पडली. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सर्वस्वी निराळे प्रोसेसर होते. तेथे हुकूम लिहिणारी माणसे जवळ, मूळ लिखाण जवळ, तेव्हा बदलीवर दिवस काढण्याची गरज नव्हती. नव्या लिपीत पुन्हा मांडता आले. ज्याच्या हाती मूळ लिखाण त्याला बदलाचे भय नाही. ज्याच्या हाती नुसती पट्टी, त्याने काय करावे हा खरा प्रश्न.

मघाशी विम्याचे नाव घेतले म्हणून सांगतो. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकांना कामगार संघटनांनी १९६० च्या दशकात कडाडून विरोध केला. आमची पिढी त्या विरोधाला हसते. आम्ही हसत नाही. त्या वादातूनच १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले संस्थेचे. अहवाल १९७२ मध्ये आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर १९५६ सालीच ९-अ हे कलम घालण्यात आले होते. यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या पद्धतीत असा बदल करावयाचा की ज्याने कामगारकपात होण्याचा संभव आहे, तर मालकाने आधी नोटीस दिली पाहिजे, आणि नोटिशीनंतर एकवीस दिवस तो बदल अमलात आणता येणार नाही, असे ते कलम सांगत असे. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. पण तीस वर्षे आम्ही त्या एकवीस दिवसांवर भांडलो. कित्येकदा नोटीस फलकावर लागलेली असे, पण फलक अशा ठिकाणी की तेथे दिवा नाही. यंत्रातल्या एका हुकमाला वर्षानुवर्षांची नोटीस मिळते, तीही नाव, क्रमांक आणि पत्त्यासह, हे पाहून आमच्या मनात हेव्याची भावना आली, हे कबूल करतो.

आता आमच्या कचेरीत काय झाले ते. प्रथम एका दुरुस्तीवाल्यांना बोलाविले. भले गृहस्थ, नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी पाच मिनिटांत पडदा स्वच्छ केला. ओळी येणे बंद! आम्ही त्यांना चहा पाजला. दोन दिवसांनी पॉलिटेक्निकचा मुलगा आला, त्याने पाहिले आणि कपाळावर हात मारला. त्यांनी काही दुरुस्त केलेच नव्हते. नोटीस पडद्यावर दिसू नये एवढीच व्यवस्था केली होती. दिवा काढलेला फलक!

दुसऱ्या एका जाणकारांनी फोनवर त्याहून धाडसी तोड सुचविली. प्रोग्रॅमच्या बांधलेल्या फाईलमध्ये जेथे जेथे हा हुकूम आहे तेथे ‘काही करू नकोस’ असा पोकळ हुकूम भरावा. वेगही वाढेल, ओळीही जातील. मोह झाला, कारण दिवाळीला तीन आठवडे उरले होते आणि प्रत्येक हुकमाला जॉबरला हाक जात असल्याने हिशोब रखडत होता. मुलाने विचारले, ही आडकाठी तेथे ठेवली होती कशाला? जुन्या यंत्रात एकच मेंदू होता. तेथे काढली असती तरी बहुधा चालले असते. नव्यात चार. एक मेंदू वर्षाच्या मजुरीचा आकडा लिहितो आणि मग ‘तयार’ अशी खूण करतो. दुसरा खूण पाहून आकडा उचलतो. आडकाठी नसेल तर दुसऱ्याला खूण आधी दिसेल आणि आकडा मागाहून. म्हणजे मागच्या माणसाचा बोनस पुढच्याच्या नावावर. तोही रोज नाही; हजारांतून एखाद्या वेळी, जेव्हा कोणी पाहत नाही तेव्हा. जिच्या नवऱ्याचा हात मागात गेला आणि जी स्वतः कांडी मशीनवर बसते, त्या बाईच्या चिठ्ठीतला आकडा अशा रीतीने चुकला असता, तर ती दिवाणजीशी भांडली असती आणि खोटी पडली असती. संघटनेच्या आकड्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता. आम्ही फोनवरच्या गृहस्थांना नमस्कार सांगितला आणि त्यांची तोड बाजूला ठेवली.

मग मुलाने जे केले ते नोटीस वाचणाऱ्याने करावयाचे काम होते. पडद्यावरचा पडदा काढून ओळी पुन्हा आणविल्या आणि वहीत मोजल्या. कर्नल सगळ्या ओळी छापीत नाही. पाच सेकंदांत दहा झाल्या की पुढच्या दाबतो आणि किती दाबल्या तो आकडा मागाहून सांगतो, म्हणून तो आकडाही टिपला पाहिजे. मोजणीत निघाले की नाव बोनसच्या प्रोग्रॅमचे येत असले तरी पत्ता त्याचा नव्हताच. तो ज्या लायब्ररीच्या जोरावर नोंदवही उघडतो, हुकूम त्या लायब्ररीत होता. मूळ लिखाण उघड्यावर उपलब्ध असलेली ही लायब्ररी. तिची नव्या आवृत्तीसाठी बांधलेली प्रत आणून बसविली. प्रोग्रॅमच्या एका अक्षरालाही हात लागला नाही. ओळी नव्वद टक्के गेल्या असाव्यात. उरलेल्या थोड्या प्रोग्रॅमच्या पोटातल्या होत्या. ज्याने तो लिहिला होता तो आता पुण्यात नोकरीला असतो. त्याने जुन्या पेन ड्राइव्हवरून मूळ लिखाण शोधून पाठविले, आणि मुलाने बांधणाऱ्या यंत्रणेला ‘सातव्या आवृत्तीसाठी बांध’ असे सांगून ते पुन्हा बांधले. यंत्रणेने जुन्या चिठ्ठीच्या जागी सरळ हुकूम आपणच घातला. त्यानंतर ओळ आली नाही. १४ ऑक्टोबरला आम्ही चिठ्ठ्या पडताळावयास बसलो.

पावतीच्या प्रोग्रॅमची कथा एवढी गोड नाही. त्याचे मूळ लिखाण कोणाकडेच नाही, लिहिणारा वारला. त्याच्यासाठी फाईलमधला शून्य पुसून एक घातला, तेव्हा तो उघडला आणि पावत्या छापू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कारण शोधायला आठवडा गेला. रात्री वीज जात होती, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की आकडा आपोआप शून्यावर जात होता! बदलीचे कार्ड रोज रात्री फाटत होते म्हणावयाचे. तो आकडा यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कायम यादीत लिहिला, तेव्हा कोठे स्थैर्य आले. पावत्या छापण्याचे काम हळू, दिवसाला चाळीस-पन्नास. तेथे बदलीच्या संथपणाने कोणाचे नुकसान नाही. त्याला आम्ही दोनचा आकडा दिला नाही, आणि देताही आला नसता, कारण एसडब्ल्यूपीची कळ त्या यंत्रात उरलेलीच नाही.

परंतु बदलीलाही मुदत आहे. २०२१ पासून निघालेल्या काही एआरएम प्रोसेसरांतून ३२ बिटांचा कारभारच काढून टाकलेला आहे. तेथे शून्य-एक-दोनचा प्रश्न उरत नाही. जुन्या प्रोग्रॅमला आत येण्यास दारच नाही. मग सबंध जुन्या यंत्राचे सोंग घेणारा मोठा एम्युलेटर बसवावा लागेल, १९६४ सारखा, किंवा पावत्यांचा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागेल. संघटनेच्या कार्यकारिणीत हा विषय दोनदा निघाला. एक पक्ष म्हणतो, चालते आहे तोवर चालू द्या. हातच्या पुस्तकावर पावत्या फाडणेही आपल्याला येतेच. दुसरा पक्ष तरुणांचा, त्यांना फोनवर पावती हवी आहे. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, मात्र एका अटीवर: मूळ लिखाण संघटनेच्या कपाटात राहिले पाहिजे, लिहिणाऱ्याच्या घरी नव्हे. ही अट ऐकून तरुण मंडळी थोडी नाराज झाली. त्यांना वाटले आमचा त्यांच्यावर विश्वास नाही.

पॉलिटेक्निकचा तो मुलगा आता शिकून बाहेर पडला आहे. जाताना त्याने कचेरीच्या भिंतीवर, पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते तिच्या वर, एक कागद चिकटविला. त्यावर पावतीच्या प्रोग्रॅमचे नाव, हुकमाचे नाव, आकडा एक का ठेवला आहे ते, आणि तारीख. खाली आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रोजनिशीतल्या ओळी मोजून आकडा लिहितो. गेल्या महिन्यात दिवा मिणमिणत होता म्हणून तो कागद उचलून खिडकीशेजारी लावला आहे.